ताऱ्यांच्या मधली गर्द

औरंगाबादला जाऊन आलो म्हटलं की चिपळुणात पहिला प्रश्न येतो, "वेरूळ पाहिलंत का?" नाही पाहिलं. मकबरासुद्धा रिक्षातून जाताना झाडांच्या वर जेवढा दिसला तेवढाच. तीन दिवसांत मी एक फसलेलं व्याख्यान दिलं, दोनदा नान-खलिया खाल्ला, शंभरेक शिंका दिल्या आणि एका माणसाला सांगायची राहून गेलेली गोष्ट सांगितली. ज्यांना लेणी हवी आहेत त्यांनी हा लेख इथंच सोडला तरी माझा राग नाही.

मी मूळचा औरंगाबादचा. मॅट्रिक होईपर्यंत तिथं होतो. मग पुणे, मग नोकरी, आणि तीस वर्षं चिपळूणला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. आई-बाबा मध्येच कधीतरी बहिणीकडं नगरला राहायला गेले, त्यामुळं औरंगाबादला जायला कारण उरलं नाही. म्हणजे कारण होतं, पण ते मी टाळत होतो.

कारणाचं नाव गौस. शहागंजातल्या पिंजाऱ्याचा मुलगा. मिडल स्कूलला तेव्हा वस्तानिया म्हणत, तिथं तो माझ्या बाकावर बसायचा. निजामाच्या राज्यात सगळे विषय उर्दूतून. मला उर्दू धड येत नसे. जुगराफिया म्हणजे भूगोल, हे कळण्यातच माझा निम्मा भूगोल संपायचा. गौस मला पुस्तक वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि परीक्षेत स्वतः पहिला येऊन मला काठावर पास करायचा. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि थोड्याच काळात शाळेचं माध्यम मराठी झालं. उर्दूची एक तुकडी वेगळी राहिली होती, पण गौसच्या अब्बांनी ठरवलं, आता कचेऱ्या मराठीतून चालणार, तर पोरगा मराठीतच शिकेल. गौस मला म्हणाला, "आता तुझी बारी, माध्या. तू मला शिकव."

मी आठ दिवस शिकवलं. तो इतका तल्लख की महिन्याभरात मला मागं टाकणार हे मला स्पष्ट दिसायला लागलं. आणि मी नुकताच आयुष्यात पहिल्यांदा वर्गात पहिला आलो होतो. नवव्या दिवशी मी त्याला सांगितलं, "बाबा नको म्हणतात. तुझ्याबरोबर बसू नको म्हणतात."

बाबा असं काही म्हणाले नव्हते. बाबांना तर गौस माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. पण त्या दिवसांत घरोघरी, दोन्हीकडच्या घरांत, असं बोललं जात होतं, त्यामुळं माझं खोटं सहज खपलं. गौसनं मान हलवली आणि दप्तर उचलून मागं जाऊन बसला. सातवीत तो मराठीत नापास झाला, पुन्हा झाला, आणि शाळा सोडून अब्बांच्या दुकानात कापूस पिंजायची कमान धरून बसला. मी शिकत गेलो. बाबांना जाऊन आता बारा वर्षं झाली, आणि एका माणसाच्या लेखी ते अजून मुलाच्या मित्राला उंबरा ओलांडू न देणारे गृहस्थ आहेत, हे मला अलीकडं रोज दाढी करताना आठवायला लागलं होतं. म्हणून औरंगाबादच्या एका ग्रंथालयाचं व्याख्यानासाठी कार्ड आलं तसा मी उलट टपाली होकार कळवला. विषय दिला, 'आंतरतारकीय माध्यम'. दोन ताऱ्यांच्या मधल्या जागेत जे असतं त्याला आमच्या परिभाषेत असं म्हणतात. या शब्दानं पुढं काय गोंधळ घातला ते येईलच.

वाळूजपासून पुढं

पुण्याची बस वाळूजशी आली आणि मी जागा झालो. मी गेलो तेव्हा इथं ज्वारी होती. आता कारखान्यांच्या भिंती, भोंगे, पाळी सुटलेले कामगार, सायकलींची रांग. बजाजनगरच्या फाट्यावर एक माणूस चढला आणि माझ्या शेजारी बसता बसता म्हणाला, "काका, खिडकी लावा, गर्दा लई हाय." त्याच क्षणी मला पहिली शिंक आली आणि पाठोपाठ सात.

कोकणात राहून माणूस धूळ विसरतो. आमच्याकडं चिखल असतो, शेवाळ असतं, घाम असतो, पण कपाट झटकल्यावर उन्हात नाचते ती कोरडी धूळ नसते. औरंगाबादची धूळ करडी, बारीक, आणि आगंतुक. ती चष्म्यावर बसते, दातांत कचकचते, बंद सुटकेसमध्ये घड्या घातलेल्या शर्टात सापडते. आमच्या मंडळींनी निघताना बजावलं होतं, "तोंडाला रुमाल बांधा." मी बांधला नाही. खरं सांगायचं तर पहिल्या शिंकेबरोबर मला बरंच वाटलं. त्या धुळीला उन्हाचा आणि घोड्यांच्या टांग्यांचा एक वास होता. टांगे आता दिसले नाहीत, वास मात्र मला आला.

ग्रंथालयाचे कार्यवाह कदमसर बसस्टँडवर घ्यायला आले होते. निवृत्त हेडमास्तर, पांढराशुभ्र सदरा, त्या सदऱ्यावर या शहरात एक डाग कसा नाही हे मला तीन दिवसांत कळलं नाही. त्यांच्या घरी उतरलो. वहिनींनी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली. चिपळुणात पाहुण्याला "घेणार ना?" असं विचारतात आणि पाहुणा "कशाला उगाच" म्हणतो, मग दोन्ही बाजू थोडा वेळ तसंच खेळतात. मराठवाड्यात विचारत नाहीत. ताटात वाढतात आणि समोर बसून बघतात. मी पाच धपाटे खाल्ले. सहावा वहिनींनी मी पाणी पीत असताना वाढला.

जेवताना मी कदमसरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, शहागंजात गौस म्हणून कुणी गादीवाला आहे का. "शहागंजात गादीवाले लई, आन् गौस त्याहून लई," ते म्हणाले. "उद्या व्याख्यान होऊ द्या, परवा हिंडू दोघं."

संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर गेलो. दसरा होऊन गेलेला, सात-साडेसातची वेळ. आमच्या लहानपणी या दिवसांत, याच वेळेला, आकाशगंगा डोक्यावरून पश्चिमेकडं गेलेली दिसायची आणि मध्ये ती दुभंगलेली असायची. कुणीतरी पांढऱ्या रांगोळीवरून बोट ओढावं तसा मध्ये काळा पट्टा. गौसच्या दुकानाच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, आम्ही दोघं उताणे पडून ती बघायचो. मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं की तिथं आभाळाला भोक आहे, त्या भागात तारेच नाहीत. गौसला ते पटलं नव्हतं. "भोक नाय," तो म्हणाला होता, "मधी गर्द हाय. अब्बा पिंजायला बसले की पल्याडचा कंदील दिसत नाय. म्हणून काय कंदील नाय व्हय?"

उर्दूत गर्द म्हणजे धूळ. दहा वर्षांच्या पोरानं कापूस उडताना बघून केलेला तो अंदाज मोठमोठ्या शास्त्रज्ञांना दुर्बिणी लावून करावा लागला होता, हे मला एमएस्सीच्या वर्गात समजलं. त्या दिवशी मी तास सोडून बाहेर येऊन बसलो होतो. आता कदमसरांच्या गच्चीवर क्रांती चौकाचे दिवे इतके होते की आकाशगंगा सोडाच, मोजून नऊ तारे दिसले.

क्रांती चौकाजवळचं सभागृह

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सभागृह खच्चून भरलेलं. बायका, कडेवर पोरं, कामावरून थेट आलेले लोक, मागं भिंतीला टेकून उभे राहिलेले. माझी छाती फुगली. चिपळुणात याच विषयाला अकरा माणसं आली होती, त्यांतली चार घरची. मराठवाड्याला खगोलाची एवढी ओढ आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी सुरुवातीलाच बोलूनही गेलो. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं.

मी सांगितलं की दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं वायू असतो, मुख्यतः हायड्रोजन, इतका विरळ की आपण पंप लावून रिकामी केलेली काचेची नळीसुद्धा त्याच्यापुढं भरलेली म्हणावी. आणि धूळ असते, धुराच्या कणांइतकी बारीक. ती मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवते, आणि जो थोडा येऊ देते तो तांबूस करून सोडते. याच वायूचे आणि धुळीचे ढग कधीतरी आपल्याच वजनानं आकसतात आणि त्यांतून नवे तारे होतात. मग पडद्यावर आकाशगंगेचं चित्र लावून मी काठी घेतली आणि एका काळ्या ठिपक्यावर टेकवून सांगू लागलो की हा पाहा असा ढग, याच्यामागं हजारो तारे झाकले गेलेत, याचा आकार कसा गोळीबंद आहे. दहा मिनिटं सांगितलं. तेवढ्यात कदमसर अदबीनं उठले, खिशातून रुमाल काढला आणि चित्र दाखवायच्या यंत्राची काच पुसली. ढग गेला.

लोक मनापासून हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण त्यामुळं एक झालं, सभा सैल झाली, आणि मी "प्रश्न विचारा" म्हणताच पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठला. "सर, मी बजाजनगरहून आलोय. तुम्ही सांगितलं ते समदं ऐकलं, चांगलं हाय. पण आमचं पोरगं जूनला पहिलीत जाणार. त्याला इंग्रजी माध्यमात घालू का मराठी?"

मी कदमसरांकडं पाहिलं. कदमसर पंख्याकडं बघत होते. नंतर उलगडा झाला तो असा. वर्तमानपत्राला निवेदन गेलं त्यातला 'आंतरतारकीय' हा शब्द तिथं कुणाच्या पचनी पडला नाही, म्हणून तो गाळून 'माध्यम या विषयावर प्राध्यापकांचे व्याख्यान' एवढंच छापलं. आणि खाली कदमसरांनी सवयीनं, त्यांच्या हेडमास्तरकीत प्रत्येक सूचनेखाली लिहीत तसं, 'पालकांनी आवर्जून उपस्थित राहावे' असं लिहिलेलं होतंच. दीडशे पालक माझ्याकडून मुलांच्या शाळेचा निर्णय घ्यायला आले होते आणि तासभर निमूट हायड्रोजन ऐकत बसले होते. त्यांचा सोशिकपणा आठवला की मला आजही लाज वाटते.

मी काहीतरी चाचरत होतो तेवढ्यात मागच्या भिंतीपासून खोकल्याचा आवाज आला. बराच वेळ खोकून झाल्यावर तो माणूस बोलला. पांढरी दाढी, अंगात जाकीट, जाकिटावर कापसाचे तंतू. "प्रोफेसरसाब, माझी नात हाय. उर्दूत घालू का मराठीत? मी दोन्ही बघितल्यात. एकीत पहिला यायचो, दुसरीत नापास झालो."

मी काठी टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडं निरखून पाहिलं. तो भिंत सोडून दोन पावलं पुढं आला, डोळे बारीक केले. "आरे," तो म्हणाला, "पेपरात मी 'माध्य' पर्यंत वाचलं आन् वाटलं, हे तर माध्याचं नाव हाय. पुढं 'म' निघाला तर म्हणलं, जाऊ दे, माध्यम तर माध्यम, पोरीचं विचारून येऊ. आन् तू खरंच निघाला."

"उद्या सांगतो," मी सगळ्या सभेसमोर म्हणालो.

"उद्या दुकानावर ये," गौस म्हणाला. "जेवायला ये, चहावर भागवू नको."

शहागंज

सकाळी दहाला एकटाच गेलो. कदमसर येतो म्हणत होते, त्यांना नको म्हटलं. शहागंजात सगळं बदललं होतं आणि चालणं तेच होतं: हातगाडीला वाट द्यायची, कुणीतरी आपल्याला वाट द्यायची, कुणी कुणावर चिडायचं नाही. एका अत्तरवाल्याला विचारलं. "गौसचाचा? हौ, सीधे जाव, जहाँ खांसी सुनाई देगी वहीं दुकान," तो म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती.

दुकान तेच होतं. भिंतीवर अब्बांची कमान खिळ्याला टांगलेली, खाली पिंजायचं यंत्र घरघरतंय. धाब्याच्या जागी आता पत्रे आले होते, त्यांतल्या एकाला भोक होतं, त्यातून उन्हाची एक सरळ तिरीप खाली आलेली आणि तिच्यात कापसाचे बारीक कण वर-खाली होत होते. काल मी पडद्यावर जे दाखवायला धडपडत होतो ते इथं कुणी न सांगता चाललं होतं. मी मोहून बघत राहिलो. मग गौस खोकला. भिंतीचा आधार घेऊन, वाकून, बराच वेळ. माझी बघण्यातली मजा गेली.

"डॉक्टर म्हणतो, कापूस छातीत बसलाय," त्यानं यंत्र बंद करत सांगितलं. "म्हणलं, बसू द्या. एवढी वर्षं मी त्याच्यावर बसलो."

त्यानं नान-खलिया मागवला. वरून पिवळसर चकचकीत, भट्टीतून नुकते निघालेले नान, आणि लालभडक रश्श्यात मऊ शिजलेलं मटण. गाद्यांच्या ढिगावर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवलो. चिपळुणात मासे खाऊन माझी जीभ गुळमुळीत झाली आहे, डोळ्यांतून पाणी आलं. गौस म्हणाला, "कोकणात तिखट बंद केलं का तुझं?" मग त्यानं मलाच विचारलं, "काल म्हणत होतास ती ताऱ्यांच्या मधली धूळ, खरी हाय ती?"

"खरी आहे," मी म्हणालो. "भोक नाही, मध्ये गर्द आहे. तू धाब्यावर सांगितलं होतंस. तेच बरोबर होतं, मास्तर चूक होते. मला बारा वर्षांनी पुस्तकात सापडलं."

त्याचा घास हातात राहिला. "मी सांगितलं होतं?" तो म्हणाला. त्याला ते आठवतच नव्हतं. मी सगळं सांगितलं, कंदिलासकट. तो इतका खूश झाला की मला पुढचं बोलणं आणखी अवघड झालं. पण त्यासाठीच आलो होतो. नान खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. की बाबा कधीच नको म्हणाले नव्हते. की ते खोटं माझं होतं. की तू पुढं जाशील म्हणून मी घाबरलो होतो. की बाबांबद्दल तू इतकी वर्षं जे मानलंस त्यात त्यांचा काही दोष नाही, शिव्या द्यायच्या तर मला दे.

गौसनं हात पुसले. "ते मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"त्याच हप्त्यात तुझे बाबा दुकानात आले, दोन उश्या भरून घ्यायला. म्हणले, काय रे गौस, हल्ली घरी येत नाहीस, माध्याशी भांडला का? मी म्हणलो, नाय. तर म्हणले, मराठी अडतंय ना तुझं? संध्याकाळी येत जा, मी शिकवतो."

बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला ते डोळ्यांपुढं दिसले, धोतर, छत्री, काखेत दोन रिकाम्या खोळी. बारा वर्षांत ते इतके स्पष्ट दिसले नव्हते. "मग?" मी विचारलं.

"मग काय. नाय आलो."

"का?"

"आलो असतो तर त्यांनी तुला विचारलं असतं ना, ह्यो इतके दिवस का येत नव्हता म्हणून. तुझं खोटं उघडं पडलं असतं. त्यांचा हात किती कडक, तुला ठाव." तो हसला, मग हसणं थांबवून म्हणाला, "आन् खरं सांगू? राग बी होता. मराठी नक्को झाली होती मला. तुझी बोली होती ती."

मला रडू आलं. साठीला टेकलेल्या माणसानं शहागंजात भर दुपारी गाद्यांच्या ढिगावर बसून रडावं हे काही शोभणारं नव्हतं, पण आलं. गौसनं माझ्याकडं न बघता यंत्रातला गुंता सोडवायला घेतला.

"आता बोल," गुंता सुटल्यावर तो म्हणाला. "काल उद्यावर टाकलंस. पोरीला कुठं घालू?"

मी आदल्या रात्री उत्तराची तयारी केली होती, मातृभाषा, नोकऱ्या, पुढचं शिक्षण, सगळे मुद्दे. ते सगळे बाजूला ठेवले. "कुठंही घाल," मी म्हणालो. "तिच्या शेजारी कोण बसतंय तेवढं बघ."

गौस हसायला गेला आणि खोकला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो सावकाश दोन घोट प्याला, तोंड पुसलं.

"ते काय आपल्या हातात असतं व्हय, माध्या," तो म्हणाला. "आन् असतं तरी मी दुसरीकडं बसलो नसतो."